मेसिए ७७ चा गाभा सक्रिय आहे हे कळते कसे, आणि आपल्या आकाशगंगेचा का नाही?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. मेसिए ७७ छायाचित्रात इतर कुठल्याही सर्पिल दीर्घिकेसारखीच दिसते, मग तिच्या गाभ्याला ‘सक्रिय’, म्हणजे मधल्या कृष्णविवरात पडणाऱ्या वायूमुळे उजळलेला, कशाच्या आधारावर म्हणायचे? आणि आपली आकाशगंगाही सर्पिल आहे, तिच्याही केंद्रात प्रचंड वस्तुमानाचे कृष्णविवर आहे, मग तिचा गाभा त्या यादीत का नाही? पहिल्याचे थेट उत्तर असे की हे छायाचित्रावरून ठरत नाही, वर्णपटावरून, म्हणजे प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करून, ठरते. दुसऱ्याचे उत्तर असे की कृष्णविवर असणे ही एक गोष्ट आणि त्याच्यापर्यंत वायू पोहोचणे ही दुसरी. माझे काम वर्णपटांचे आहे, त्यामुळे पहिल्या भागावर मी जास्त वेळ घालवणार आहे.

मेसिए ७७, म्हणजेच एनजीसी १०६८, तिमिंगल तारकासमूहात आहे. डेल्टा सेटी या ताऱ्यापासून एका अंशाच्या आत, सुमारे नवव्या प्रतीची. अंतर साधारण ४.७ कोटी प्रकाशवर्षे. पिएर मेशाँ यांनी ती १७८० मध्ये शोधली. लहान दुर्बिणीतून पाहिले तर धूसर ठिपक्याच्या मध्यभागी जवळजवळ ताऱ्यासारखा एक टोकदार तेजस्वी बिंदू दिसतो. हा बिंदू लक्षात ठेवा, पण त्यावर निकाल देऊ नका. दाट तारकागुच्छ असला किंवा केंद्राजवळ नवे तारे जोरात जन्मत असले तरी असाच बिंदू दिसू शकतो. गाभा तेजस्वी असणे हा फक्त संशय घेण्याचा मुद्दा आहे, पुरावा नव्हे.

पुराव्याची पहिली खूण १९०८ मध्ये मिळाली. त्या काळी सर्पिल तेजोमेघ हे वायूचे ढग आहेत की दूरवरचे तारकासमुच्चय, हा वाद जोरात होता. लिक वेधशाळेत एडवर्ड फाथ या तेजोमेघांचे वर्णपट घेत होते. बहुतेकांत त्यांना सूर्याच्या वर्णपटासारख्या काळ्या शोषण रेषा दिसल्या, म्हणजे प्रकाश ताऱ्यांचा. एनजीसी १०६८ मध्ये मात्र शोषण रेषांबरोबर सहा तेजस्वी उत्सर्जन रेषाही होत्या, ज्या विरळ तप्त वायूतच दिसतात. पुढे लॉवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर यांनी अधिक चांगला वर्णपट घेतला आणि या रेषा बारीक नसून पसरट आहेत हे नोंदवले. १९४३ मध्ये कार्ल सेफर्ट यांनी अशा काही मोजक्या दीर्घिकांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत एनजीसी १०६८ होती, एनजीसी ४१५१ होती, एनजीसी ३५१६ आणि ७४६९ होत्या. काहींमध्ये हायड्रोजनच्या रेषांची रुंदी सेकंदाला ८,५०० किलोमीटरपर्यंत भरत होती. आज ‘सेफर्ट दीर्घिका’ म्हणतात त्या याच कुळातल्या. त्या शोधनिबंधाकडे पुढची वीस वर्षे फारसे कुणी वळून पाहिले नाही. १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी ३सी २७३ या क्वेसारची, म्हणजे ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या पण अतिदूरच्या प्रखर गाभ्याची, ताम्रसृती (रेषांचे तांबड्याकडे सरकणे) ओळखली, तेव्हा कुठे जवळच्या या दीर्घिकांना महत्त्व आले.

आता वर्णपटात नेमके काय पाहायचे ते सांगतो, कारण खरी गंमत इथे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे कोणते अणू किती आयनीभूत झाले आहेत, म्हणजे त्यांनी किती इलेक्ट्रॉन गमावले आहेत. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सोडवायला १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. ती तरुण, उष्ण ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशात भरपूर असते. ऑक्सिजनचे दोन इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ३५ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, तेही अतिउष्ण ताऱ्यांना जमते. पण निऑनचे चार इलेक्ट्रॉन काढून टाकायचे तर ९७ इलेक्ट्रॉन व्होल्टचे फोटॉन हवेत, आणि नेहमीचे उष्ण तारे तसे फोटॉन जवळजवळ देतच नाहीत. चार इलेक्ट्रॉन गमावलेल्या निऑनची ३४२६ अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचे एकक) जवळची रेषा गाभ्याच्या वर्णपटात ठळक दिसली, की तिथे ताऱ्यांपेक्षा कठोर प्रारणाचा स्रोत आहे असे मी धरून चालतो. मेसिए ७७ मध्ये ती रेषा आहे.

रोजच्या कामात मात्र चार रेषांवर भागते. हायड्रोजनच्या दोन, आणि ऑक्सिजन व नायट्रोजनची प्रत्येकी एक. ऑक्सिजनची ५००७ अँगस्ट्रॉमची रेषा हायड्रोजनच्या ४८६१ च्या रेषेच्या किती पट आहे, आणि नायट्रोजनची ६५८३ ची रेषा ६५६३ च्या किती पट, ही दोन गुणोत्तरे आलेखावर मांडायची. ही पद्धत बाल्डविन, फिलिप्स आणि टर्लेविच यांनी १९८१ मध्ये मांडली. ताऱ्यांमुळे उजळलेले ढग आलेखाच्या एका पट्ट्यात पडतात आणि सक्रिय गाभे वेगळ्या कोपऱ्यात. जोडीतल्या रेषा तरंगलांबीने शेजारी निवडल्या आहेत, म्हणून वाटेतल्या धुळीने प्रकाश मंद केला तरी तो दोन्हींचा जवळपास सारखाच मंद होतो आणि गुणोत्तर बिघडत नाही. इतकी साधी आणि इतकी टिकाऊ युक्ती या क्षेत्रात दुसरी नाही असे माझे मत आहे. मेसिए ७७ च्या गाभ्यात यातले पहिले गुणोत्तर दहाच्या वर जाते. सर्वसाधारण तारकाजन्मक्षेत्रात ते इतके चढत नाही.

इथे एक व्यावहारिक सूचना. गाभ्याचा वर्णपट म्हणून जो मिळतो, त्यात दीर्घिकेच्या लक्षावधी ताऱ्यांचा प्रकाश मिसळलेला असतो. वर्णपटमापकाची फट रुंद असेल तर आणखीच. ताऱ्यांच्या शोषण रेषा नेमक्या हायड्रोजनच्या उत्सर्जन रेषांवर बसतात आणि त्यांना खाऊन टाकतात. हा तारकाप्रकाश वजा केल्याशिवाय गुणोत्तर काढू नका, नाहीतर मंद गाभ्यांच्या बाबतीत निष्कर्षच उलटा येईल. सार्वजनिक संग्रहातल्या वर्णपटांवर हौसेने काम करणाऱ्यांना मी हे सर्वांत आधी सांगतो.

दुसरी गोष्ट रेषांची रुंदी. डॉपलर परिणामामुळे आपल्याकडे येणाऱ्या वायूचा प्रकाश निळ्याकडे सरकतो आणि दूर जाणाऱ्याचा तांबड्याकडे, म्हणून वेगवेगळ्या दिशांनी धावणाऱ्या वायूची रेषा पसरते. तारकाजन्मक्षेत्रात ही रुंदी सेकंदाला काही दशक किलोमीटर असते. सक्रिय गाभ्याच्या ‘अरुंद’ रेषासुद्धा काहीशे किलोमीटरच्या असतात, आणि ‘रुंद’ रेषा काही हजारांच्या. ज्यांत दोन्ही दिसतात ते सेफर्ट प्रकार १, ज्यांत फक्त अरुंद दिसतात ते प्रकार २, अशी विभागणी १९७० च्या दशकात खाचिकियन आणि वीडमन यांनी केली. शामशबल तारकासमूहातली एनजीसी ४१५१ पहिल्या गटाच्या बाजूची. मेसिए ७७ दुसऱ्या गटातली, किंबहुना त्या गटाचे ठरलेले उदाहरण.

रुंद रेषा देणारा वायू किती लहान जागेत आहे हेही मोजता येते. गाभ्याचा प्रकाश कमीजास्त होत असतो. मधल्या स्रोताने उसळी घेतली की ती आसपासच्या वायूत काही दिवसांनी उमटते, आणि तो विलंब म्हणजेच प्रकाशाला लागलेला प्रवासाचा वेळ. एनजीसी ५५४८ मध्ये तो विलंब वीस दिवसांच्या आसपास भरला. म्हणजे हजारो किलोमीटर वेगाने फिरणारा वायू केंद्रापासून फक्त वीस प्रकाशदिवसांवर आहे. वेग आणि अंतर दोन्ही हाती आले की मधले वस्तुमान काढता येते, आणि ते कोट्यवधी सूर्यांइतके येते.

हे वस्तुमान कृष्णविवरच कशावरून, मंद ताऱ्यांचा गच्च गुच्छ का नव्हे, अशी शंका कुणी घेईल तर ती योग्यच आहे. तिचे सर्वांत स्वच्छ उत्तर मेसिए १०६ या दुसऱ्या सक्रिय सर्पिल दीर्घिकेने दिले. तिच्या केंद्राभोवतीच्या वायूत पाण्याचे रेणू २२ गिगाहर्ट्‌झला नैसर्गिक मेसर, म्हणजे रेडिओ लहरींचे लेसर, म्हणून चमकतात. १९९५ मध्ये मियोशी आणि सहकाऱ्यांनी दूरदूरच्या रेडिओ दुर्बिणी जोडून त्या ठिपक्यांच्या जागा आणि वेग मोजले. आतले ठिपके वेगाने आणि बाहेरचे सावकाश, अगदी ग्रह सूर्याभोवती फिरतात त्या केप्लरच्या नियमाने. सुमारे चार कोटी सूर्यांचे वस्तुमान अर्ध्या प्रकाशवर्षापेक्षा कमी अंतराच्या आत कोंबलेले. इतक्या जागेत इतके तारे फार काळ टिकूच शकत नाहीत. मेसिए ७७ मध्येही मेसर आहेत. त्यांची गती इतकी सरळसाधी नाही, तरी वस्तुमान एक ते दीड कोटी सूर्यांच्या आसपास येते.

मग मेसिए ७७ मध्ये रुंद रेषा का दिसत नाहीत? तिथे तो वेगवान वायू नाहीच, की आहे पण झाकलेला? रॉबर्ट अँटोनुची आणि जोसेफ मिलर यांनी १९८५ मध्ये याचा छडा लावला आणि मला विचाराल तर या विषयातले ते सर्वांत देखणे निरीक्षण आहे. त्यांनी गाभ्याचा नुसता वर्णपट घेतला नाही, त्यातला ध्रुवीकृत प्रकाश (ज्याच्या लहरी एकाच दिशेत कंप पावतात) वेगळा काढून त्याचा वर्णपट पाहिला. साध्या वर्णपटात ज्यांचा मागमूस नव्हता त्या हायड्रोजनच्या रुंद रेषा ध्रुवीकृत वर्णपटात लख्ख उभ्या राहिल्या. प्रकाश इलेक्ट्रॉनवर आपटून विखुरला की तो ध्रुवीकृत होतो. भिंतीआड दिवा असावा, तो थेट दिसू नये, पण भिंतीच्या वर तरंगणाऱ्या धुक्यात त्याचा उजेड दिसावा, तसे हे. भिंत म्हणजे कृष्णविवराभोवतीचे धूळ आणि वायू यांचे वलयासारखे जाड कडे, आणि धुके म्हणजे कड्याच्या वरच्या मोकळ्या जागेतले इलेक्ट्रॉन. ध्रुवीकरणाची दिशा रेडिओ झोताला, म्हणजे गाभ्यातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या आणि रेडिओ लहरींत दिसणाऱ्या द्रव्याच्या धारेला, काटकोनात होती. म्हणजे विखुरणारे इलेक्ट्रॉन झोताच्याच दिशेला, कड्याच्या अक्षावर आहेत, हेही त्याच मापनातून कळले.

यातून एकीकृत प्रतिमान पक्के झाले. प्रकार १ आणि प्रकार २ ही पुष्कळदा एकाच वस्तूची दोन कोनांतून दिसणारी रूपे आहेत. कड्याच्या पोकळीतून आत डोकावता आले तर प्रकार १, कड्याच्या कडेने पाहत असलो तर प्रकार २. सगळ्याच प्रकार २ च्या गाभ्यांना हे लागू पडते असे मी म्हणणार नाही. काहींमध्ये ध्रुवीकृत प्रकाशातही रुंद रेषा सापडत नाहीत. पण मेसिए ७७ पुरते ते ठाम आहे. तिच्या गाभ्यातून येणारे क्ष-किरण इतक्या दाट वायूने अडवले आहेत की आपल्यापर्यंत मुख्यतः परावर्तित भागच पोहोचतो, आणि त्यात लोहाची ६.४ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टची रेषा उठून दिसते. २०१६ मध्ये अल्मा या रेडिओ दुर्बीणसंचाने ते कडे प्रत्यक्ष वेगळे दाखवले, व्यास साधारण वीस-तीस प्रकाशवर्षे. २०२२ मध्ये चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करणाऱ्या मातीस या उपकरणाने धुळीचे तापमान जागोजागी मोजले आणि कृष्णविवर धुळीच्या जाड थराआड आहे याला दुजोरा दिला.

इथे एका गोष्टीने बरेच जण चकतात. मेसिए ७७ ची चकती आपल्याला बऱ्यापैकी समोरून दिसते, म्हणून तर तिचे बाहू इतके छान दिसतात. मग तिचा गाभा कडेने कसा? कारण दीर्घिकेची चकती आणि गाभ्याचे कडे एकाच प्रतलात असलेच पाहिजेत असे काही नाही. चकतीचा व्यास हजारो प्रकाशवर्षांचा, कड्याचा काही दशकांचा. आत येणारा वायू कोणत्या घटनेतून, कोणत्या दिशेने आला यावर आतल्या कड्याचा कल ठरतो. मेसिए ७७ मध्ये तर झोत आणि तप्त वायूचा शंकू चकतीतल्याच वायूवर आदळतात. हबल दुर्बिणीच्या चित्रांत ईशान्येकडे पसरलेला तो शंकू दिसतो. छायाचित्रात सक्रियतेची काही खूण पाहायचीच असेल तर ती तिथे पाहा, आणि तीसुद्धा ऑक्सिजनच्या रेषेपुरता प्रकाश सोडणाऱ्या गाळणीतून.

कधी कधी असेही विचारले जाते की सर्पिल बाहू हे कृष्णविवराकडे ओढल्या जाणाऱ्या वायूचे प्रवाह आहेत का. नाहीत. एक-दीड कोटी सूर्यांचे कृष्णविवर काही प्रकाशवर्षांच्या आतच ताऱ्यांच्या गतीवर हुकमत गाजवते. त्यापलीकडे सत्ता अब्जावधी ताऱ्यांच्या एकत्रित गुरुत्वाकर्षणाची, आणि बाहू त्या चकतीच्या स्वतःच्या गतीतून तयार होतात. कृष्णविवर काढून टाकले तरी बाहू तसेच राहतील.

याच मुद्द्यावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. सक्रिय गाभ्याचे इंधन म्हणजे आत पडणारा वायू. हायड्रोजनच्या संमीलनात वस्तुमानाच्या ०.७ टक्के भागाची ऊर्जा होते. कृष्णविवराभोवतीच्या चकतीत घर्षणाने तापत आत सरकणारा वायू साधारण दहा टक्के देऊन जातो. त्यामुळे शंभर-दोनशे अब्ज सूर्यांइतके तेज, म्हणजे मेसिए ७७ च्या गाभ्याच्या घरातले, टिकवायला वर्षाला सूर्याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका वायू पुरतो. ही मागणी दीर्घिकेच्या मानाने क्षुल्लक आहे. अडचण वायूच्या साठ्याची नाही, वायू आत नेण्याची आहे. हजारो प्रकाशवर्षांवर फिरणाऱ्या वायूला कृष्णविवरापर्यंत यायचे तर त्याला आपला जवळजवळ सगळा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, सोडावा लागतो. दीर्घिकेच्या मध्यातला ताऱ्यांचा दांडा, शेजारच्या दीर्घिकेची ओढ, गिळलेली एखादी लहान दीर्घिका, ताऱ्यांच्या स्फोटांनी ढवळलेला वायू, असे टप्प्याटप्प्याने हे काम होते. मेसिए ७७ मध्ये अवरक्त प्रकाशात आतला दांडा दिसतो, आणि त्याच्या टोकांशी नव्या ताऱ्यांनी गजबजलेले वलय आहे. म्हणजे हजारो प्रकाशवर्षांपासून काहीशे प्रकाशवर्षांपर्यंतची वाहतूक समजते. शेवटच्या काही दहा प्रकाशवर्षांत काय होते, यावरच आज सगळे डोळे लावून बसले आहेत. २०१९ मध्ये अल्माच्या निरीक्षणांत कड्याच्या आतला आणि बाहेरचा वायू परस्परविरुद्ध दिशांना फिरताना आढळला. अशी रचना फार काळ टिकत नाही. दोन प्रवाह घासून एकमेकांचा संवेग खोडतात आणि वायू झपाट्याने आत पडू शकतो.

पुरवठा असा बेभरवशाचा असल्यामुळे सक्रियता हा दीर्घिकेचा कायमचा गुण नसतो. मार्केरियन ५९० या सर्पिल दीर्घिकेच्या गाभ्याचे तेज १९९० च्या दशकापर्यंत वाढत गेले, मग काही दशकांत इतके उतरले की तिच्या वर्णपटातली रुंद रेषा जवळजवळ नाहीशी झाली, आणि पुढे ती परतली. त्याहून लांब पल्ल्याचा पुरावा हॅनी व्हॅन आर्केल या डच शिक्षिकेने २००७ मध्ये दीर्घिकांची छायाचित्रे चाळताना शोधला. आयसी २४९७ या सर्पिल दीर्घिकेजवळ एक हिरवट चमकणारा वायूचा ढग आहे. त्याला उजळवायला क्वेसारइतका प्रखर गाभा हवा, पण आज त्या दीर्घिकेचा गाभा तितका तेजस्वी नाही. तो गेल्या दोन लाख वर्षांच्या आत मंदावला आणि ढग अजून जुन्या प्रकाशात न्हातो आहे.

म्हणून ‘सक्रिय’ आणि ‘निष्क्रिय’ अशा दोन स्वतंत्र जाती मानणे मला पटत नाही. लुइस हो, फिलिपेन्को आणि सार्जंट या खगोलशास्त्रज्ञांनी जवळच्या ४८६ तेजस्वी दीर्घिकांचे काळजीपूर्वक वर्णपट घेतले, तेव्हा चाळीस टक्क्यांहून अधिक गाभ्यांत सक्रियतेची काही ना काही खूण निघाली. खणखणीत सेफर्ट दहांतला साधारण एक.

आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातले धनू ए* हे कृष्णविवर सुमारे ४३ लाख सूर्यांचे आहे, अंतर २७ हजार प्रकाशवर्षांच्या आसपास. २०२२ मध्ये इव्हेंट होरायझन दुर्बिणीने त्याच्या सावलीचे चित्र प्रसिद्ध केले. त्याचे एकूण तेज काहीशे सूर्यांइतके. इतक्या वस्तुमानाच्या कृष्णविवराकडून ही अत्यंत क्षीण मिळकत आहे, कोट्यवधी सूर्यांचा प्रकाश ते सहज देऊ शकले असते. दूरच्या दीर्घिकेत असा गाभा असता तर तो ताऱ्यांच्या प्रकाशात बुडून गेला असता आणि माझ्या आलेखावर कुठेच उमटला नसता. पण तो नेहमीच असा नव्हता. २०१० मध्ये फर्मी उपग्रहाच्या माहितीतून आकाशगंगेच्या चकतीच्या वर आणि खाली प्रत्येकी सुमारे २५ हजार प्रकाशवर्षांपर्यंत पसरलेले गॅमा किरणांचे दोन फुगे सापडले. २०२० मध्ये ईरोसिटा या क्ष-किरण दुर्बिणीने त्यांना वेढणारे त्याहून मोठे क्ष-किरणांचे फुगे दाखवले. ते केंद्रातल्या कृष्णविवराच्या उद्रेकाचे की केंद्राजवळच्या ताऱ्यांच्या स्फोटमालिकेचे, यावर मतभेद आहेत. मी पहिल्या बाजूकडे झुकतो. केंद्राजवळच्या ढगांवर दिसणारे क्ष-किरणांचे प्रतिध्वनी तर अवघ्या काही शतकांपूर्वी धनू ए* आजच्यापेक्षा कितीतरी प्रखर होते असे सुचवतात.

वायू तिथे आजही आहे. काही प्रकाशवर्षांवर रेण्वीय वायूचे एक कडे कृष्णविवराभोवती फिरते आहे, पण आपला कोनीय संवेग सोडत नाही. २०१४ मध्ये जी२ नावाची वायूने वेढलेली लहानशी वस्तू कृष्णविवराच्या अगदी जवळून गेली, तेव्हा जगभरच्या दुर्बिणी मोठ्या झळाळीची वाट पाहत होत्या. ती झाली नाही. त्या कड्यातला वायू मोठ्या प्रमाणावर आत ढकलला गेला, तर आपल्या आकाशगंगेचा वर्णपट पाहणाऱ्या दूरच्या निरीक्षकाला निऑनची ती रेषा दिसू लागेल.

मेसिए ७७ मात्र अजून नव्या गोष्टी सांगते आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फातल्या आइसक्यूब संवेदकाने २०११ ते २०२० या काळातली माहिती तपासून, पार्श्वभूमीपेक्षा सुमारे ७९ न्यूट्रिनो (पदार्थातून जवळजवळ न अडता जाणारे कण) या दीर्घिकेच्या दिशेने जास्त आल्याचे २०२२ मध्ये जाहीर केले. त्यांची ऊर्जा टेरा-इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पातळीची आहे. जिथे असे न्यूट्रिनो तयार होतात तिथे तितक्याच जोमाचे गॅमा किरणही तयार व्हायला हवेत, पण ते फारच कमी दिसतात. याचा सरळ अर्थ असा की स्रोत इतक्या दाट प्रारणाने वेढलेला आहे की गॅमा किरण तिथेच शोषले जातात, म्हणजे तो कृष्णविवराच्या अगदी लगतच्या भागात असावा. दृश्य प्रकाश आणि बहुतांश क्ष-किरण त्या कड्यात अडकतात. न्यूट्रिनो मात्र त्यातून आरपार येतात, आणि पुढच्या पिढीचे मोठे संवेदक बांधताना ही दीर्घिका महत्त्वाचे लक्ष्य मानली जाते.